पहिला सीव्ही कशात करावा: रंगीत टेम्प्लेट, लेटेक की साधं डॉक?

शेवटच्या सेमिस्टरचं सबमिशन उरकलं की प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "अरे, कुणाकडे सीव्हीचा चांगला फॉरमॅट आहे का?" मग तीन फायली येऊन पडतात. एक डिझाइन अ‍ॅपातली, डावीकडे गडद निळी पट्टी आणि गोलात फोटो. दुसरी कॉम्प्युटर ब्रँचच्या कुणाची तरी, काळी-पांढरी, एका पानात ठासून भरलेली, लेटेकमध्ये, म्हणजे कोडसारख्या सूचना लिहून पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली. तिसरी टीपीओ, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसकडून आलेली साधी वर्ड फाइल, जिच्यात आधीच्या बॅचमधल्या कुणाच्या तरी वडिलांचं नाव तसंच राहिलेलं असतं.

मी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मेकॅनिकलवाला. कॅम्पसला आमच्या ब्रँचसाठी जेवढ्या कंपन्या येतात तेवढ्या येऊन गेल्या आणि मग सगळ्यांसारखाच चाकण, भोसरी, रांजणगाव अशा पुण्याच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यांत वाऱ्या सुरू झाल्या. त्या काळात मथळ्यातले तिन्ही प्रकार मी बरेच दिवस वापरले. त्यामुळे पुढचं सगळं प्रॉडक्शन, क्वालिटी, डिझाइन, मेंटेनन्स असल्या नोकऱ्या शोधणाऱ्याच्या नजरेतून आहे. आयटीवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं, तेही ओघात येईल. एका पानात बसवावा, ईमेल आयडी भारदस्त असावा, खोटं लिहू नये, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी रंगीत टेम्प्लेट. याची बदनामी जरा जास्तच झाली आहे, म्हणून चांगलं आधी सांगतो. अनुभव नसलेल्या माणसाला कोरं पान बघून जो घाम फुटतो, तो टेम्प्लेटमुळे फुटत नाही. अर्ध्या तासात काहीतरी दिसायला लागतं. रिकामी जागा रंगाने आणि आयकॉनने भरून निघते आणि आपण अगदीच रिकाम्या हाताने निघालेलो नाही असं वाटतं. वॉक-इनला रांगेत उभं असताना हातात रंगीत प्रिंट असली की बरं वाटतं, हे मी नाकारणार नाही.

पण ती पट्टी नीट बघा. पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिने खाल्लेला असतो, आणि तिच्यात असतं काय? फोटो, पत्ता, येणाऱ्या भाषा, छंद आणि कौशल्यांचे पट्टे. ऑटोकॅड ऐंशी टक्के, सॉलिडवर्क्स सत्तर टक्के. उरलेले तीस टक्के कुठले, असा प्रश्न मला एका मुलाखतीत खरंच विचारला गेला. विचारणारे साहेब हसत होते, पण प्रश्न चुकीचा नव्हता. ज्या गोष्टींवर तुम्हाला बोलवायचं की नाही हे ठरतं, म्हणजे प्रोजेक्ट, इंटर्नशिप, मार्क, त्या सगळ्या उजवीकडच्या उरलेल्या जागेत कोंबाव्या लागतात.

तरीही पट्टी काढून टाकता येते, कौशल्यांचे पट्टे पुसता येतात. त्यासाठी मी टेम्प्लेट सोडलं नसतं. मला ते सोडायला लावलं चौकटींनी.

डिझाइन अ‍ॅपमध्ये मजकुराचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र चौकटीत असतो. वरची चौकट वाढली म्हणून खालची सरकत नाही. पोस्टर करताना हे सोयीचं असतं, सीव्हीत मात्र रोजची कटकट होते. समजा, आठव्या सेमिस्टरचा निकाल लागला आणि शिक्षणाच्या भागात एक ओळ वाढवली. आता त्या भागाची शेवटची ओळ 'प्रोजेक्ट्स' या मथळ्यावर चढून बसली. मग खालच्या सगळ्या चौकटी एकत्र निवडायच्या, खाली ओढायच्या. त्या ओढल्या की सगळ्यात खालची चौकट पानाबाहेर जाते. मग अक्षर दहावरून साडेनऊ करायचं, ओळींमधलं अंतर कमी करायचं. एवढं झालं की लक्षात येतं, उजवीकडचे मथळे आता डावीकडच्या मथळ्यांशी एका रेषेत नाहीत. एका ओळीपायी अर्धा तास जातो. लॅपटॉपवर माउस घेऊन बसलं तर चालून जातं. फोनवर मात्र बोट लावायचं ओळीवर आणि हलायची मागची निळी पट्टी, असं सुरू होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवर काय निर्णय घ्यायचा. दहा वर्षं नोकरी केलेल्या माणसासाठी ही खरोखरच एवढीशी गोष्ट आहे, कारण तो दोन-तीन वर्षांतून एकदा सीव्ही उघडतो. फ्रेशरचा सीव्ही मात्र सतत बदलत असतो. आज निकाल लागला, उद्या कॅडचं सर्टिफिकेट मिळालं, परवा प्रोजेक्टला पेपर प्रेझेंटेशनमध्ये नंबर आला. त्यात जाहिरात बदलली की क्रमही बदलावा लागतो. क्वालिटीच्या जागेसाठी मायक्रोमीटर, हाइट गेज, सेव्हन क्यूसी टूल्स हे वर हवं. डिझाइनच्या जागेसाठी तेच खाली जातं आणि सॉलिडवर्क्स, शीट मेटल, बीओएम (सुट्या भागांची यादी) वर येतं. अनुभव थोडा असताना हीच मांडणी तर आपल्या हातात असते.

आणि चौकटींशी झटापट करावी लागली की माणूस कंटाळून बदलायचं सोडूनच देतो. निदान माझं तसं झालं. क्वालिटीला, डिझाइनला, मेंटेनन्सला, सगळीकडे तोच एक सुंदर सीव्ही जायला लागला.

चौकटीचा आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. कॉलेजच्या टीमबरोबर मी बाहा एसएईइंडिया या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी केली होती. मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला ही स्पर्धा होते, चार तासांची एंड्युरन्स शर्यत वगैरे, मेकॅनिकलवाल्यांना सांगायला नको. टेम्प्लेटच्या चौकटीत दोन ओळी मावत होत्या, म्हणून लिहिलं होतं, 'बाहा स्पर्धेत ब्रेक विभागात सहभाग.' साध्या पानावर आल्यावर तीच नोंद पसरली: पेडल रेशो ठरवला, त्यावरून मास्टर सिलिंडरचा बोअर काढला, पुढच्या आणि मागच्या चाकांचे हायड्रॉलिक सर्किट वेगळे ठेवले, ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक झाली. मुलाखतीत माझ्याशी जे काही बोलणं झालं ते या ओळींवर झालं. पेडल रेशो किती होता, जास्त का नाही घेतला, फ्लुइड कुठलं वापरलं. 'सहभाग' या शब्दावर कुणी काय विचारणार? अनुभवाच्या जागी आपल्याकडे असल्याच नोंदी असतात, आणि त्याच चौकटीच्या मापाने कापल्या जात होत्या.

आता लेटेक. मला याचं फार कौतुक आहे आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही. ओव्हरलीफसारख्या साइटवर ब्राउझरमध्येच काम होतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, तयार टेम्प्लेटं फुकट मिळतात. नोंद वाढवली की खालचं सगळं आपोआप सरकतं. तारखा उजवीकडे एका रेषेत बसतात, समासात फरक पडत नाही. हातात प्रिंट घेतली तर तिन्हींमध्ये हाच सीव्ही सगळ्यात नेटका दिसतो, यावर माझं दुमत नाही. कॉम्प्युटर आणि आयटीची मुलं याच्या प्रेमात असतात ते उगाच नाही. कोड लिहायची सवय असलेल्याला यात वेगळं काही करावंच लागत नाही.

आमच्यासारख्याला मात्र हे नखरे सोसावे लागतात. लेटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथून पुढची ओळ वाचू नकोस' अशी सूचना. आणि फ्रेशरच्या सीव्हीत सगळ्यात जास्त काय असतं, तर टक्के! 'डिप्लोमा, 81.6%, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन' असं सरळ टाइप केलं तर पानावर उमटतं 'डिप्लोमा, 81.6', आणि डिस्टिंक्शन गायब. कधी एरर येते, कधी येत नाही. न येणारी जास्त वाईट. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची, एवढाच यावरचा उपाय, पण तो कळेपर्यंत फाइल चार जणांना जाऊन आलेली असते. 'अँड'च्या चिन्हाचंही तसंच, आणि मेकॅनिकलवाल्याला तर जीडी अँड टी (ड्रॉइंगवर आकार-मापांची सूट दाखवायची पद्धत) लिहायचंच असतं. ईमेल आयडीत अंडरस्कोर असेल तर एरर येते ती गणिताच्या भाषेत, डॉलरचं चिन्ह राहिलं म्हणून. रात्री अकरा वाजता हे वाचून माणूस सीव्ही सोडून एररच्या मागे लागतो.

हेही शिकून घेता येतं. लेटेकबाबत मला जास्त अडलं ते दुसरीकडे. पुणे पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची भरती बरीचशी कन्सल्टन्सीमार्फत चालते, आणि कन्सल्टन्सीवाले हमखास म्हणतात, "वर्ड फाइल पाठवा." कारण उघड आहे. वर त्यांचं स्वतःचं लेटरहेड लावायचं असतं आणि तुमचा फोन नंबर काढायचा असतो, म्हणजे कंपनीने परस्पर तुम्हाला गाठू नये. लेटेकमधून पीडीएफ झकास निघते, वर्ड फाइल मागितली की मात्र पंचाईत. पीडीएफचं वर्ड करून देणाऱ्या साइट्स आहेत, पण त्यातून निघालेली फाइल बघवत नाही. रंगीत टेम्प्लेटचीही इथे तीच गत होते.

मी शेवटी ज्यावर स्थिरावलो ते म्हणजे साधं गूगल डॉक. एक रकाना, एक फाँट, जाड मथळे, खाली एक बारीक रेघ. दिसायला अळणी. ग्रुपवर टाकलं तर कुणी 'भारी' म्हणणार नाही. बाजूला लेटेकवाला ठेवला तर माझा जरा गरीबच दिसतो, हे मान्य.

पण ओळ वाढवली की खालचं निमूट सरकतं. एकदा संध्याकाळी कन्सल्टन्सीच्या मॅडमचा फोन आला, तेव्हा मी पीएमपीच्या बसमध्ये होतो. उद्या सकाळी चाकणला वॉक-इन आहे, फिक्स्चरचं (जॉब जागच्या जागी पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) काम केलेली मुलं हवीत, असेल तर वर घ्या आणि वर्ड फाइल पाठवा. वेल्डिंग फिक्स्चरचं काम मी इंटर्नशिपमध्ये केलेलं होतं, पण ते तिसऱ्या नंबरवर दोन ओळींत पडलेलं. उभ्या-उभ्या फोनवर ते उचलून वर घेतलं, क्लॅम्प आणि लोकेटरबद्दल एक ओळ घातली, वर्डमध्ये सेव्ह करून पाठवलं. माझा स्टॉप यायच्या आत काम झालं. ज्या दोन गोष्टींसाठी बाकीचे प्रकार मला अडले, त्या दोन्ही इथे एकाच वेळी निभावल्या.

बाकी सोयी तुम्हाला माहीत असतील. फाइलची प्रत काढून क्वालिटीचा वेगळा, डिझाइनचा वेगळा सीव्ही ठेवता येतो. जुनी आवृत्ती परत मिळते, त्यामुळे 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' अशी पिल्लावळ होत नाही. ताईला किंवा सिनियरला लिंक दिली की ती मंडळी कडेला शेरे लिहितात.

आणि एक गोष्ट, जी मला आधी तोटा वाटत होती. साध्या डॉकमध्ये अर्धं पान रिकामं दिसतं. टेम्प्लेट ती जागा झाकतं, डॉक झाकत नाही. त्या रिकाम्या जागेमुळेच मी इंटर्नशिपचं, मिनी प्रोजेक्टचं, काकांच्या वर्कशॉपमध्ये सुट्टीत लेथवर केलेल्या कामाचं नीट लिहायला बसलो. लेथवरचं काम आधी मी धरतच नव्हतो, कारण टेम्प्लेटमध्ये त्याला साजेसा रकाना नव्हता. तिथे 'वर्क एक्सपीरियन्स' असा भलामोठा मथळा होता आणि त्याखाली लिहावं एवढं ते मोठं वाटत नव्हतं. डॉकमध्ये मथळेच आपण ठरवतो. 'वर्कशॉप आणि प्लांटवरचं काम' असा मथळा केला आणि इंटर्नशिप, लेथ, औद्योगिक भेटी सगळं त्याखाली गेलं.

डॉकचे दोषही आहेत. तारखा उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसलात तर दुसऱ्या फोनवर त्या वाकड्यातिकड्या दिसतात. त्याऐवजी वरच्या मापपट्टीवर (रूलरवर) उजवा टॅब लावा. वर्डमध्ये उतरवलेल्या फाइलचे बुलेट कधी-कधी थोडे सरकतात, पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. पानाचा आकार ए4 आहे ना तेही तपासा, तो कधी अमेरिकन लेटर साइजवर असतो आणि प्रिंट काढताना खालची ओळ दुसऱ्या पानावर जाते. आणि एचआरला लिंक पाठवू नका. परवानगी द्यायची राहिली तर त्यांना सीव्हीऐवजी 'रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस'चं पान दिसतं, आणि ती रिक्वेस्ट करायला कुणी थांबत नाही.

'मशीन सीव्ही रिजेक्ट करतं' ही भीती यूट्यूबवर फार घातली जाते, तिच्याबद्दल थोडं. माझ्या पाहण्यात तरी मशीन नाकारण्यापेक्षा चुकीचं वाचतं. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर फाइल चढवली की ते सॉफ्टवेअर त्यातून नाव, कॉलेज, वर्ष उचलून फॉर्म भरतं. दोन रकाने असले की ते कधी डावी-उजवी ओळ एकत्र वाचतं, आणि कॉलेजच्या नावापुढे 'क्रिकेट, ट्रेकिंग' येतं. मग सगळा फॉर्म हाताने दुरुस्त करा. तुमचा कसा वाचला जाईल हे बघायचं असेल तर पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे वरून खाली सरळ वाचता आलं तर चिंता नाही. साधं डॉक यात पास होतंच. लेटेकचीही चांगली टेम्प्लेटं होतात, जुनी असतील तर 'सर्टिफिकेट'मधली एफ-आय ही जोडअक्षरं गळालेली दिसतात. शिवाय नोकरी डॉट कॉमला दोन एमबीची मर्यादा आहे. मोठा फोटो असलेली रंगीत पीडीएफ तिथे अडू शकते.

झेरॉक्सच्या दुकानात करून मिळतो तो बायोडाटा मी यात धरलेला नाही. पतपेढी, शाळा, एखाद्या ट्रस्टचं कॉलेज अशा ठिकाणी तो अजून चालतो, किंबहुना तोच मागतात, खाली 'वरील माहिती सत्य आहे' अशी सही वगैरे. तिथे अर्ज करणार असाल तर वेगळा करून ठेवा. प्लांटच्या नोकरीला वडिलांचा व्यवसाय आणि वैवाहिक स्थिती लिहून मला तरी काही उपयोग झालेला दिसला नाही.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, जायचं कुठे आहे? ग्राफिक, इंटिरियर, जाहिरात अशा क्षेत्रात जाणाऱ्याने डिझाइन अ‍ॅप खुशाल वापरावं, तिथे सीव्ही हाच कामाचा पहिला नमुना असतो. आयटीत जाणारा, किंवा पुढे रिसर्चकडे वळणारा असेल तर लेटेक आत्ताच शिकलेलं बरं, प्रबंधालाही तेच लागतं. युरोपात एमएसला जाणारे युरोपास हा युरोपियन युनियनचा सीव्हीचा नमुना बघून ठेवतात, कारण काही ठिकाणी तोच मागितला जातो. बाकी आपण सगळे, जे एमआयडीसीच्या गेटवर फाइल घेऊन उभे असतो आणि कन्सल्टन्सीच्या फोनची वाट बघतो, त्यांनी डॉकच घ्यावं असं माझं मत. नाव ठळक, त्याखाली फोन आणि गाव, मग शिक्षण, मग काम आणि प्रोजेक्ट, शेवटी सॉफ्टवेअर. फाइलला तुमचं नाव, ब्रँच आणि पास झाल्याचं वर्ष द्या. एचआरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये 'रेझ्युमे वन' नावाच्या फायलींची आधीच रांग लागलेली असते.